‘राज्य’ हा शब्द आला कुठून? सेदेसचं पुस्तक द्वारवतीच्या बाजूने वाचताना

आग्नेय आशियावर सिनॉप्सिस लिहायला घेतलं की एक वाक्य जवळपास ठरलेलं असतं: ‘थाई लोकांच्या उदयापूर्वी मध्य थायलंडात 6व्या ते 11व्या शतकाच्या दरम्यान द्वारवतीचं मोन राज्य होतं.’ वाक्य सरळ आहे आणि गाइडही त्यावर लाल पेन चालवत नाहीत. पण त्यातले तीन शब्द सुटे करून बघा. ‘द्वारवती’, ‘मोन’ आणि ‘राज्य’. तिघांचा पुरावा वेगवेगळ्या ठिकाणाहून आलाय आणि तिघांचं वजन सारखं नाही. ते एकाच ओळीत इतके घट्ट कसे बसले हे समजून घ्यायचं तर जॉर्ज सेदेसकडे जावं लागतं.

सेदेसचं पुस्तक 1944 साली हनोईत फ्रेंचमध्ये निघालं. नंतर 1948 आणि 1964 मध्ये सुधारून आलं आणि 1968 मध्ये होनोलुलूहून इंग्रजी भाषांतर झालं. आपल्या लायब्ररीत असेल तर बहुधा हेच इंग्रजी पुस्तक असतं, ‘द इंडियनाइज्ड स्टेट्स ऑफ साउथईस्ट एशिया’. पुष्कळ जण त्यातून तारखा उचलतात आणि पुढे जातात. पण ते एक युक्तिवाद म्हणूनही वाचायला हवं.

आधी श्रेय

सेदेस मुळात शिलालेखांचा माणूस. 1918 ते 1929 तो बँकॉकच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होता आणि तिथेच सियामच्या शिलालेखांचे दोन खंड त्याने काढले. पहिला 1924 चा, सुखोथायवर. दुसरा 1929 चा, द्वारवती, श्रीविजय आणि लवो यांच्यावर. 1918 साली त्याने श्रीविजय हे एका सागरी राज्याचं नाव आहे हे दाखवून दिलं. त्याआधी या नावाकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

पुस्तकाची मोठी ताकद म्हणजे त्याची मांडणी. आजच्या देशांच्या सीमा बाजूला ठेवून तो सगळा प्रदेश एकाच काळपट्टीवर आणतो. एका प्रकरणात चंपा, कंबोज, जावा आणि मेनामचं खोरं शेजारी शेजारी दिसतात. थाई लोकांच्या उदयाबद्दलही त्याचा विवेक वाखाणण्यासारखा आहे. 1253 मध्ये कुबलाईने युनानमधलं दाली घेतलं आणि मग थाईंची लाट दक्षिणेला कोसळली, असं चित्र तेव्हा लोकप्रिय होतं. सेदेस म्हणतो, हे नदीखोऱ्यांतून हळूहळू झिरपणं होतं आणि ते आधीपासून चालू होतं. अंगकोर वाटच्या 12व्या शतकातल्या शिल्पपटावर ‘स्याम’ सैनिकांची तुकडी कोरलेली आहेच. म्हणजे ‘आधी मोन, मग थाई’ अशी कापून काढलेली रेघ त्याच्याही मनात नव्हती. ती रेघ नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी मारली.

पुरावा मोजून बघू

आता द्वारवती. पहिला उल्लेख ह्युएन त्संगचा, 7व्या शतकातला. श्रीक्षेत्र आणि ईशानपुर यांच्या मधला एक देश म्हणून तो ‘तो-लो-पो-ती’ असं नाव देतो. सॅम्युएल बील यांनी 1884 मध्ये या चिनी अक्षरांमागे ‘द्वारवती’ असल्याचं सुचवलं. पण ह्युएन त्संग तिथे गेला नव्हता. बंगालमधल्या समतटात असताना त्याने पलीकडच्या देशांची नावं ऐकली आणि नोंदवली. साक्षीदार भरवशाचा, पण साक्ष ऐकीव. चिनी दरबाराच्या नोंदींत 7व्या शतकात या देशाचे दूत आल्याचंही सापडतं. त्यातून एवढं कळतं की या नावाने दूत पाठवणारा कोणीतरी होता.

दुसरा पुरावा नाण्यांचा. नाखोन पाथोमला सापडलेल्या दोन चांदीच्या नाण्यांवरचा लेख 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यासकांसमोर आला: ‘श्रीद्वारवतीश्वरपुण्य’. मराठी वाचकाला हा समास फोडून सांगायची गरज नाही. द्वारवतीच्या स्वामीचं पुण्य. नंतर मध्य थायलंडात आणखी काही ठिकाणी अशी नाणी मिळाली. चिनी नाव आणि जमिनीतलं नाव जुळलं, ही फार मोठी गोष्ट. पण नाणं काय सांगत नाही तेही लिहून ठेवा. या स्वामीचं नाव, त्याची गादी कोणत्या गावात होती आणि त्याची सत्ता किती दूर चालत होती, यातलं काहीच त्यावर नाही.

तिसरा पुरावा भाषेचा. नाखोन पाथोम, लोपबुरी आणि सराबुरी या भागात जुन्या मोन भाषेतले लेख मिळाले. म्हणून ‘मोन’. इथे एक बारीक उडी आहे. लेखाची भाषा कळली म्हणजे दगड कोरवणाऱ्याची लिहिण्याची भाषा कळली. सगळी प्रजा मोन होती, हे त्यावरून ठरत नाही. आपल्याकडेही जुन्या ताम्रपटाची भाषा आणि गावची बोली एक धरून कोणी चालत नाही.

चौथा पुरावा कलेचा: धर्मचक्रं, बुद्धमूर्ती, विटांचे स्तूप. 1939-40 मध्ये पिएर द्युपों यांनी नाखोन पाथोमला उत्खनन केलं आणि 1959 च्या त्यांच्या ग्रंथामुळे ‘द्वारवती’ हे एका शैलीचं नाव म्हणून पक्कं झालं. गडबड इथून सुरू होते. शैली दिसली की ‘द्वारवती’ म्हणायचं. मग ती शैली ईशान्येच्या खोरात पठारावरही दिसते, म्हणून राज्य तिथपर्यंत पोहोचलं म्हणायचं. एकच शब्द कलाशैली, कालखंड, लोकसमूह आणि राज्य या चारही गोष्टींसाठी वापरला जातो आणि एकीचा पुरावा गुपचूप दुसरीच्या खात्यावर जमा होतो.

लेख नसलेल्या जागा भरायला बखरी येतात. हरिपुंजय, म्हणजे आजचं लाम्फून, लवोहून आलेल्या चामदेवी राणीने वसवलं ही कथा सेदेस वापरतो. घटना 7व्या शतकातली सांगितली जाते, पण ती सांगणारे पाली ग्रंथ ‘चामदेवीवंस’ आणि ‘जिनकालमाली’ 15व्या-16व्या शतकातले. मध्ये सुमारे आठशे वर्षं. आठशे वर्षांनी लिहिलेली आठवण इतिहासाला उपयोगी असते, पण ती मुख्यतः लिहिणाऱ्याच्या काळाबद्दल बोलते.

त्याची व्याख्या त्यालाच लावून पाहू

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. ‘इंडियनाइझेशन’ म्हणजे काय, हे सेदेस स्पष्ट सांगतो. भारतीय धर्तीची राजसत्ता, हिंदू किंवा बौद्ध उपासना, पुराणकथा, धर्मशास्त्रांचं पालन आणि हे सगळं व्यक्त करणारी संस्कृत भाषा. चांगली व्याख्या तपासता येते, म्हणून ही तपासू.

उपासना? आहे, आणि बहुतांशी बौद्ध. संस्कृत? थोडी. नाण्यांवर आहे, आणि उ थोंगच्या ताम्रपटात हर्षवर्मन नावाच्या राजाने शिवलिंगाला दिलेल्या दानाचा लेख आहे. पण धर्मचक्रांवर आणि इतरत्र ठळकपणे दिसते ती पाली. ‘ये धम्मा’ गाथा आणि चार आर्यसत्यांचे उतारे पालीत कोरलेत आणि व्यवहाराला मोन भाषा येते. राजसत्ता? कंबोजात राजांच्या लांबलचक संस्कृत प्रशस्ती आहेत, इथे तसं काही नाही. सलग वंशावळ एकही मांडता येत नाही. धर्मशास्त्राचं पालन दाखवणारा पुरावाही जवळजवळ नाहीच.

म्हणजे पाचपैकी एक निकष नीट बसतो आणि एक अर्धा. तरी पुस्तकाच्या नावाखाली द्वारवती ‘स्टेट’ म्हणून उभीच आहे. असं का? साचा अंगकोरवरून घेतला, म्हणून. जिथे संस्कृत प्रशस्ती भरपूर आहेत तिथून ‘राज्य कसं दिसतं’ हे ठरलं आणि ज्या शेजाऱ्याकडे त्या नव्हत्या त्याला त्याच मापाचे कपडे घातले. शिलालेखांवर प्रेम करणाऱ्या अभ्यासकाचा हा स्वाभाविक धोका आहे. शिलालेख बोलतात तिथे त्याला राजे दिसतात आणि शिलालेख नसतात तिथेही तो राजेच शोधतो.

खोदकामाने काय बदललं

सेदेसच्या हाताशी नसलेली बरीच सामग्री आज आहे. उदोन थानीतलं बान चियांग घ्या. कांस्य तिथे कधी आलं यावर जॉइस व्हाइट इ.स.पू. 2000 च्या आसपास म्हणतात आणि चार्ल्स हायम इ.स.पू. 1000 च्या जवळ. कोणाचीही तारीख घ्या, भारताशी संपर्काच्या कितीतरी शतकं आधी इथे भातशेती आणि धातुकाम होतं. मुन नदीच्या खोऱ्यात खंदकांनी वेढलेल्या वस्त्या लोहयुगापासून आहेत. द्वारवतीच्या शहरांचे वेडेवाकडे खंदक याच परंपरेत बसतात.

कांचनबुरीतल्या बान डोन ता फेतच्या दफनांत अकीकाचे मणी आणि कार्नेलियनचा एक सिंह मिळाला. खाओ साम काएव इथे इ.स.पू. 4थ्या ते 2ऱ्या शतकांत भारतीय तंत्राने मणी तिथल्या तिथे बनत होते. म्हणजे संपर्क सेदेसच्या चौकटीतल्या शिलालेखांपेक्षा कैक शतकं जुना निघाला. इतका काळ संपर्क असूनही संस्कृत आणि स्तूप उशिरा आले, याचा अर्थ इथले लोक नुसते घेत नव्हते. कधी घ्यायचं आणि काय घ्यायचं, हे ते ठरवत होते.

‘मंडल’ म्हटलं की सुटलं का?

ओ. डब्ल्यू. वोल्टर्स यांनी 1982 मध्ये ‘मंडल’ ही कल्पना मांडली: सीमा नसलेली, केंद्राच्या प्रभावानुसार फुगणारी-आकसणारी सत्ता. द्वारवतीला हे जास्त शोभतं आणि हल्लीच्या सिनॉप्सिसमध्ये ‘राज्य’ खोडून ‘मंडल’ लिहायची फॅशनही आहे. पण जपून. नाखोन पाथोम हे केंद्र आणि सी थेप हे त्याचं अंकित, असं सांगणारा एकही लेख नाही. सी थेप 2023 मध्ये ‘द्वारवतीच्या संबंधित वास्तू’ अशा नावासह जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ते नाव स्मारकांची शैली सांगतं, सत्तेचा संबंध नाही. शब्द बदलल्याने पुरावा वाढत नाही. समान श्रद्धा, समान कारागिरी आणि व्यापार असलेली, पण एकमेकांच्या हाताखाली नसलेली अनेक नगरं, ही शक्यता मला आज जास्त सरळ वाटते. उद्या एक ताम्रपट निघाला तर ती बदलावी लागेल.

आपल्या बाजूचा मोह

आपल्याला इथे वेगळीच अडचण येते. 1926 मध्ये कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ निघाली. र. चं. मजुमदार यांच्या ग्रंथमालेच्या नावातच ‘वसाहती’ हा शब्द होता. सेदेसने विजय-वसाहतीची कल्पना नाकारली हे त्याचं मोठेपण. पण ‘भारताने दिलं, त्यांनी घेतलं’ ही दिशा त्याच्याकडेही राहिली आणि आपल्याला ती वाचताना बरं वाटतं. पाय खाली सोडून बसलेला बुद्ध अजिंठा-वेरूळला दिसतो आणि नाखोन पाथोमच्या वाट फ्रा मेनलाही. ‘आमच्याकडून गेलं’ म्हणून इथे थांबलात तर संशोधन तिथेच संपलं. तिथल्या कारागिराने तोच आसनप्रकार का उचलला आणि कशासाठी वापरला, इथून ते सुरू होतं.

मग सेदेस वाचायचा की नाही? वाचायचाच, आणि पहिला. फक्त वहीत तीन रकाने करा: तो काय म्हणतो, कोणत्या वस्तूवरून किंवा लेखावरून म्हणतो, आणि ती वस्तू स्वतः किती सांगते. द्वारवतीची पानं अशी वाचली तर दुसरा रकाना लवकर रिकामा पडायला लागतो. जिथे तो रिकामा पडतो, तिथे तुमचा रिसर्च गॅप आहे. व्हायव्हात ‘द्वारवतीला राज्य का म्हणता?’ असं कोणी विचारलंच, तर सेदेसचं नाव सांगून भागत नाही. नाणं कोणतं, लेख कोणता आणि त्यातून किती निघतं, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.