शकुंतला प्राकृतात रडते

आजचा विषय जाहीर झाला तसे मला दोन-तीन फोन आले. ‘सर, तुम्ही आणि मालिका?’ प्रश्नात थोडी काळजी होती, थोडी गंमत. १९१६ साली प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्या परिसरात ज्याचं आयुष्य गेलं त्याने वेदान्तावर बोलावं, टीव्हीवर काय बोलायचं? पण मला सांगा, जळगावात, धुळ्यात, चाळीसगाव-शिरपूरला रोज संध्याकाळी सातनंतर घराघरात काय चाललेलं असतं? माणसं दोन-तीन तास कोणाच्या तरी दुःखात रडतात आणि कोणाला तरी हसतात. कोणाचं दुःख दुःख धरायचं आणि कोणाला हसायचं, याचा हा रोजचा सराव आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे भरपूर काम आहे.

तर गेले तीन आठवडे मी नेमाने पाहिलं. दोन चालू मालिका. त्यांची नावं घेत नाही, कारण माझं म्हणणं त्या दोघींपुरतं नाही. ‘आई कुठे काय करते’चे सुरुवातीचे भाग मोबाइलवर पुन्हा पाहिले. आणि विनोदी कार्यक्रमांचे जुने-नवे भाग, मिळतील तसे.

आधी चालू मालिकेतला एक प्रसंग सांगतो. घरातल्या थोरल्या सुनेच्या हाती एक मोबाइल लागतो. त्यात धाकट्या जावेचं कारस्थान नोंदलेलं आहे. सोमवारी मोबाइल हाती आला. मंगळवारी तिने तो उघडायला घेतला तर सासूबाईंना भोवळ आली. बुधवारी चार्जिंग संपलं. गुरुवारी चार्जर सापडला, वीज गेली. शुक्रवारी सगळं कुटुंब दिवाणखान्यात उभं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा, आणि शनिवारी तो मोबाइल दुधाच्या पातेल्यात पडला. हसू नका, मी तो पूर्ण आठवडा बघितला आहे. आणि खरं सांगू? गुरुवारी मीसुद्धा ‘अहो, शेजारून चार्जर आणा ना’ असं मोठ्याने म्हणालो.

अॅरिस्टॉटलने नाट्याविषयी एक अगदी व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. कथेला आरंभ, मध्य आणि अंत हवा, आणि तिचा पसारा आठवणीत मावेल एवढाच हवा. आपल्या मालिकेला आरंभ असतो, तो पहिल्या आठवड्यात संपतो. नंतर फक्त मध्य. अंत येतो तो वाहिनीच्या वेळापत्रकातून, कथेतून नाही. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अॅरिस्टॉटल कशाला हवा? गावात भागवत सप्ताह बसतो. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, महाप्रसाद होतो, मंडप सुटतो. काला व्हायचाच नाही असं ठरवून बसवलेला सप्ताह कल्पून पाहा. महाराज रोज येतात, रोज कृष्ण गोकुळातच, कंस मथुरेतच, आणि श्रोत्यांना सांगितलं जातं, उद्या नक्की या.

यात नुसता कंटाळ्याचा प्रश्न असता तर मी बोललोच नसतो. अंत नसला की कृतीला फळ उरत नाही. कर्माला फळ नाही असं मानणारा चार्वाकसुद्धा कर्जाची आणि तुपाची भाषा बोलतो. मालिकेत विष दिलं तरी सहा भागांनी खाणारा बरा होतो आणि देणारी पुन्हा त्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. मग दुःखही खरं राहत नाही, ते नुसतं लांबतं.

‘आई कुठे काय करते’ची गोष्ट थोडी वेगळी आहे, म्हणून मी ती पुन्हा पाहिली. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली, २०२४ पर्यंत चालली. मूळ बंगाली ‘श्रीमयी’. तिचं हिंदी भावंड ‘अनुपमा’ तुम्हाला माहीत आहेच. मला तिचं नाव फार आवडतं. त्यातला ‘कुठे’ पाहा. तो प्रश्नार्थक नाही, नकारार्थी आहे. आई कुठे काय करते, म्हणजे काहीच करत नाही. मराठी घरात हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं की त्यातला अपमान ऐकूही येत नाही. सुरुवातीच्या भागांमध्ये मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती तो ‘कुठे’ शांतपणे अंगावर घेताना दिसते. डबे भरताना, मुलांच्या मागे धावताना, अनिरुद्धच्या कपाटातला शर्ट शोधताना. नवऱ्याचं संजनाशी नातं आहे हे तिला कळतं तिथपर्यंत, आणि ती घटस्फोटाच्या निर्णयाला येते तिथपर्यंत, ही मालिका कुठल्याही चांगल्या सामाजिक नाटकाच्या शेजारी बसवावी अशी आहे. मी हे तोलून बोलतो आहे. पण तिथे काला व्हायला हवा होता. झाला नाही. अनिरुद्धने संजनाशी लग्न केलं, अरुंधतीने आशुतोषशी केलं, मग आशुतोषला मरावं लागलं. ‘लागलं’ म्हणतो, कारण बाईचा निर्णय पूर्ण होऊन ती सुखात राहिली तर रोजच्या भागाचं काय करायचं?

माझ्या शेजारी एक मावशी आहेत, धुळे तालुक्यातल्या. शाळा चौथीपर्यंत. ही मालिका चालू होती तेव्हा त्या पडद्याशी बोलायच्या, आणि अहिराणीत बोलायच्या. ‘सोडी दे वं माय त्याले!’ अरुंधती प्रमाण मराठीत रडायची आणि मावशी तिला अहिराणीत सल्ला द्यायच्या. मला तेव्हा प्रथम जाणवलं की या सगळ्या व्यवहारात एकतर्फी काहीतरी आहे. मावशींना अरुंधतीचं सगळं कळतं. पण मावशींसारखं बोलणारी बाई त्या पडद्यावर अशी रडताना मी पाहिलेली नाही. अशी बाई येते ती कामवाली म्हणून, नाहीतर हशा मिळवायला.

आता थोडं मागे जाऊ. संस्कृत नाटकात भाषांची वाटणी होती हे तुम्ही ऐकलं असेल. राजा संस्कृत बोलतो. विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. स्त्रिया प्राकृत बोलतात. शाकुंतलातला अंगठी सापडलेला कोळी मागधी बोलतो आणि शिपाई त्याची टर उडवतात. आपण म्हणतो, केवढी ही विषमता! आहेच. नाट्यशास्त्रात तर भरताने हास्यरस बहुतेक करून स्त्रिया आणि नीच प्रकृतीची माणसं यांच्या ठायी दिसतो असं चक्क म्हटलं आहे. पण एक गोष्ट आपण विसरतो. शकुंतलासुद्धा प्राकृतच बोलते. पाचव्या अंकात भर दरबारात दुष्यंत तिला ओळखत नाही, तेव्हा ती त्याला अनार्य म्हणते, ते प्राकृतात म्हणते. कालिदासाने प्राकृताकडे हसणं दिलं, तसं नाटकातलं सगळ्यांत मोठं दुःखही दिलं. आम्ही दीड हजार वर्षांनी हिशेब असा केला की हसणं बोलीकडे ठेवलं आणि रडणं प्रमाण मराठीकडे काढून घेतलं.

अपवाद आहेत, ते सांगितलेच पाहिजेत. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरची, वऱ्हाडी ढंगात बोलणारी, आणि ती नायिका होती. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये मालवणी घर होतं, ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडची, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडची. लोकांनी या मालिका डोक्यावर घेतल्या, म्हणजे बोली कळत नाही ही सबब खोटी. खान्देशातलं एखादं घर, अहिराणी किंवा तावडी बोलणारं, केळीच्या बागेचा नाहीतर कापसाच्या भावाचा घोर असलेलं, असं मालिकेच्या केंद्रस्थानी माझ्या तरी पाहण्यात आलं नाही.

विनोदी कार्यक्रमांमध्ये मात्र माणसाला गाव असतं. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे तोंड उघडतात आणि विदर्भ उभा राहतो. ‘हास्यजत्रे’त गौरव मोरे स्वतःला फिल्टरपाड्याचा बच्चन म्हणवत आले. पवईतल्या वस्तीचं नाव अभिमानाने रंगमंचावर येतं, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. शिवाय प्रहसनाला अंत असतो. बारा-पंधरा मिनिटांत माणसाचा लोभ, खोटेपणा, बढाई हे सगळं फळाला येतं. कर्मसिद्धान्त मालिकेपेक्षा प्रहसनात जास्त शाबूत आहे, असं मी वर्गात म्हणालो असतो.

पण परवा एक प्रहसन पाहिलं. चाळीतला एकजण मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून शेजारणीचा फ्रिज दोन तासांसाठी मागून आणतो. पाहुणे नेमके शेजारणीचेच नातेवाईक निघतात, ते फ्रिज ओळखतात. धमाल चालली होती. मग पाहुणीने फ्रिजचं दार उघडलं. आत फक्त पाण्याची बाटली आणि शेजारणीची इन्सुलिनची इंजेक्शनं. त्या नटीने दाराकडे पाहिलं आणि क्षणभर काहीच केलं नाही. अख्खी चाळ, तिची गरिबी, म्हातारीचा आजार, सगळं त्या उघड्या दारात होतं. मी खुर्चीत पुढे सरकलो. आणि लगेच दुसऱ्या नटाने तोंड वेडंवाकडं केलं, परीक्षकांच्या खुर्चीतून हसण्याचा आवाज आला, संगीत वाजलं, दार बंद.

बर्गसाँने १९०० साली हास्यावर छोटं पुस्तक लिहिलं. हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते, असं त्याचं सांगणं आहे. मान्य. पण भूल देणाऱ्याला ती उतरवताही आली पाहिजे. आपल्याकडे भूल उतरू नये म्हणून माणसं बसवली आहेत. कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाने हसणाऱ्या परीक्षकांकडे जातो, आणि घरी बसलेल्याला कळतं की इथे हसायचं असतं. जाड बाई, काळा मुलगा, साडी नेसलेला पुरुष यांच्यावरचे विनोद या यंत्रावरच तगून आहेत. खोलीत एकटं बसून पाहिले तर त्यांतले निम्मे पडतात, करून बघा.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘अहिराणीत गंभीर मालिका केली तर महाराष्ट्राला कळेल का?’ आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. लेवा गणबोलीतलं वैधव्य आणि जातं-घरोटं त्यात होतं. मुंबई-पुण्याला ती कळली, पाठ झाली. उपशीर्षकं नव्हती हो तेव्हा.

दुसरी चिठ्ठी जरा खोडसाळ आहे. ‘सर, मालेगावच्या छोटू दादाला तुम्ही विनोदात धरता का?’ धरतो. शफीक नाट्या यांचे व्हिडिओ देशभर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहेत, धुळ्यापासून तासाभराच्या अंतरावर तयार झालेले. त्यात धसमुसळेपणा खूप आहे, मारामारी खूप आहे. पण परीक्षक नाहीत. त्या बुटक्या माणसाला सगळे फसवायला बघतात आणि बहुतेक वेळा तोच भारी पडतो. तो रडताना दाखवायची हिंमत कोणी केली, तर मला तो भाग पाठवा. मी मावशींना बरोबर घेऊन पाहीन.