कोलोनोस्कोपीपूर्व आहारनियंत्रण : ‘हलका आहार’ या सूचनेची चिकित्सा (पनवेल परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीद्वारे होणाऱ्या तपासणीचे, म्हणजेच कोलोनोस्कोपीचे, यश आतड्याच्या पूर्वस्वच्छतेवर अवलंबून असते. मळ शिल्लक राहिल्यास लहान व सपाट गाठी नजरेतून सुटतात आणि तपासणी पुन्हा करण्याची वेळ येते. म्हणून आहारनियंत्रण आवश्यक ठरते. मात्र ते किती काळ असावे व रुग्णास कोणत्या शब्दांत सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
जितकी दीर्घ उपासमार तितकी अधिक स्वच्छता, हा समज शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. अमेरिकेतील पचनसंस्था-तज्ज्ञांच्या संयुक्त कृतिदलाने २०२५ मध्ये, अपुऱ्या स्वच्छतेचा धोका कमी असलेल्या रुग्णांसाठी आहारनियंत्रण केवळ आदल्या दिवसापुरते ठेवावे, असे सुचविले. त्या दिवशी सकाळी व दुपारी कमी चोथ्याचे अन्न चालते. रेचक दोन भागांत विभागून घेणे आणि दुसरा भाग तपासणीपूर्वी चार ते सहा तासांच्या दरम्यान सुरू करून किमान दोन तास आधी संपविणे, यास या शिफारशींत विशेष महत्त्व आहे.

खरी अडचण भाषेची आहे. ‘हलका आहार घ्या’ असे सांगितले की मराठी घरात सहज उपवासाचे पदार्थ आठवतात. परंतु शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, राजगिरा आणि रताळे हे पदार्थ धार्मिक दृष्ट्या उपवासास चालत असले, तरी दाणे, बिया व तंतू यांमुळे येथे अयोग्य ठरतात. याउलट उपवासास वर्ज्य असलेला पांढरा मऊ भात व बिनमसाल्याची उकडलेली मासळी कमी चोथ्याच्या आहारात बसते. भात-मासळी हे रायगडच्या किनारपट्टीचे नित्याचे अन्न असल्याने पनवेलच्या रुग्णास हा आहार परका नाही. वाल व इतर कडधान्ये, पालेभाज्या मात्र टाळावयास हव्यात.

द्रवपदार्थांबाबतही हेच घडते. ‘सरबत चालेल’ या वाक्याचा अर्थ कोकणात कोकम सरबत असा होऊ शकतो. लाल रंगाचे पेय आतड्यात रक्तासारखे भासू शकते, म्हणून ते टाळावयाचे असते. गाळलेले लिंबू सरबत वा बिनदुधाचा चहा असे नेमके सांगितल्यास हा संभ्रम उरत नाही. मधुमेही व मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांस मात्र स्वतंत्र वैद्यकीय सल्ला हवा. विशेषतः मूत्रपिंडविकारात शहाळ्याच्या पाण्यातील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते.

निष्कर्ष :
आहारनियंत्रणाची परिणामकारकता दिवसांच्या संख्येपेक्षा सूचनेच्या नेमकेपणावर अधिक अवलंबून आहे. अनावश्यक उपासाने वृद्ध व अशक्त रुग्ण थकतो; चुकीच्या ‘उपवासाने’ तपासणीच वाया जाते. म्हणून सूचनापत्रात ‘हलका’ यासारखे संदिग्ध विशेषण न वापरता स्थानिक स्वयंपाकघरातील पदार्थांची नावे, रेचकाच्या वेळा आणि ‘हा उपवास नव्हे’ हे वाक्य स्पष्टपणे छापलेले असावे.