साक्षात्कार आणि साक्ष : ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती भक्तिकाव्याचा एक विचार

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी समीक्षेने गौरविले. परंतु ह्या गौरवातच त्यांच्या धर्मपर कवितेची उपेक्षा दडलेली आहे. जेथे तिचा विचार होतो तेथेही तुकोबांच्या अभंगाला चढविलेला ख्रिस्ती वेष, एवढ्यावरच निकाल दिला जातो. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळकच म्हणत असत, हे खरे. तथापि सेतू म्हणजे मुक्काम नव्हे. ईश्वर माणसाला कसा प्रकट होतो, ह्या प्रश्नाला टिळकांच्या कवितेने दिलेले उत्तर वारकरी परंपरेशी कोठे जुळते व कोठे वेगळे होते, हे पाहिल्यावाचून तिचे मोल ठरविता येणार नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठी बायबलातील अखेरच्या पुस्तकाचे नाव ‘प्रकटीकरण’ असे आहे. मूळ ग्रीक शब्दात आवरण दूर करण्याचा अर्थ आहे. ‘प्रकटीकरण’ म्हटले की कर्ता ईश्वर ठरतो. ‘साक्षात्कार’ म्हटले की अनुभव घेणारा भक्त पुढे येतो. मराठी ख्रिस्ती समाजात तिसरा शब्द रूढ आहे, तो ‘साक्ष’. आपल्या आयुष्यात देवाने काय केले हे मंडळीपुढे सांगणे म्हणजे साक्ष देणे. ‘साक्षात्कार’ आणि ‘साक्ष’ ह्या दोहोंच्या मुळाशी ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे. परंतु एक एकांतातील दर्शन आहे, तर दुसरी चारचौघांपुढे घेतलेली जबाबदारी आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. कारण धनी काय करतो हे दासाला कळत नाही, मित्रांना मात्र पित्याकडून ऐकलेले सर्व त्याने कळविले आहे. प्रकटीकरण हे येथे जवळिकीचे फळ आहे. ही जवळीक मराठीत आणण्यास टिळकांना अभंगाचे व्याकरण उपयोगी पडले. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली प्रसिद्ध केलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे. त्यातील गुरू श्रोत्यांना पवित्र इतिहास कथन करतो. टिळकांच्या अभंगात कथन मागे पडते आणि संबोधन पुढे येते. लौकिक व्यवहारात गुरूला ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ म्हणावयाचे. आईला मात्र ‘तू’. ख्रिस्ताला एकाच वेळी माता व गुरू मानणारे टिळक त्याला ‘तू’ म्हणतात, तेव्हा गुरूचे दुरत्व आईच्या सलगीत विरून जाते. हे सामर्थ्य वारकरी वाणीचे आहे, ह्यात शंका नाही.

भेद ग्रंथाच्या स्थानी दिसतो. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, असे तुकोबा सांगतात. तेथे आधी भेट, मग शब्द. टिळकांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. वाचनातून ओढ निर्माण झाली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नांदेडच्या वाचकाला ग्रंथ आणि जवळीक परस्परविरोधी वाटण्याचे कारण नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी ह्याच नगरीत ग्रंथाला गुरुपद दिले, आणि त्या ग्रंथात नामदेवांची पदेही आहेत. ग्रंथ हाच नात्याचा विषय होऊ शकतो, हे येथील लोकांना ठाऊक आहे. टिळकांच्या ठायी मात्र ग्रंथ व्यक्तीकडे नेतो आणि नाते त्या व्यक्तीशी जडते.

ह्यातून निर्माण होणारा प्रश्न गंभीर आहे. जवळिकीतून मिळालेल्या ज्ञानाची पारख कोणी करावयाची? टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. संस्थेच्या शिक्क्यापेक्षा त्यांनी नात्याला प्रमाण मानले. परंतु दरबार म्हटला की मंडळी आली. एकांतातील साक्षात्काराला समूहासमोर साक्षीचे रूप घ्यावेच लागले. दोन वर्षांतच टिळक निवर्तले, त्यामुळे ह्या प्रयोगाची पुरती कसोटी लागली नाही.

टिळकांच्या धर्मकवितेचे गुणदोष ह्याच कसोटीवर ठरवावे लागतात. जेथे कवी ख्रिस्ताशी बोलतो तेथे वाचक अनाहूतपणे साक्षीदार होतो. जेथे तो वाचकाला उद्देशून बोध करू लागतो तेथे ‘तू’चा रोख बदलतो आणि अभंगाचे प्रवचन होते. ही उणीव श्रद्धेची नव्हे, संबोधनाची आहे.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रार्थनेत व साक्षीत आज कोणती सर्वनामे, कोणती नातेवाचक पदे येतात, ह्याचा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य हाती घ्यावा. टिळकांनी सिद्ध केलेली भाषा पुस्तकातच राहिली की लोकांच्या ओठांवर रुळली, ह्याचा निर्णय केवळ ग्रंथालयात बसून होणार नाही.