षड्जावाचून संगीत

कापूरहोळसारख्या गावी भजनास बसलेला पेटीवाला आधी षड्ज धरतो, मग अभंग सुरू होतो. सप्तकाच्या बारा पट्ट्या त्याच्या बोटांखाली असतात. परंतु त्या समान नव्हेत. एक धनी, बाकीच्या आश्रित. हे धनीपणच काढून घेतले, तर संगीत उरेल काय? एलिझाबेथ ल्युटेन्स (१९०६–१९८३) या इंग्रज रचनाकार बाईंचे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर देण्यात गेले.

हे आडनाव आपणांस अपरिचित नाही. नवी दिल्ली उभारणारे वास्तुकार एडविन ल्युटेन्स हे बाईंचे वडील. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा ज्याच्या कारकिर्दीत झाला, तो व्हाइसरॉय लिटन त्यांचा आजोबा. घराणे सत्तेचे, लेकीने धरलेली वाट मात्र एकाकी होती. बारा स्वरांची एक माळ ठरवावी, सर्व स्वर येऊन जाईपर्यंत कोणताही पुन्हा घेऊ नये, आणि तीच माळ उलटसुलट फिरवून सारी रचना विणावी, हा व्हिएन्नाच्या शेनबर्गचा नियम. बाईंनी १९३९ च्या सुमारास हा मार्ग धरला, तेव्हा इंग्लंडात त्यास फारसे कोणी विचारीत नव्हते.

हे गणित झाले, संगीत नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु आमचा राग तरी नियमावाचून कोठे आहे? वादी, संवादी, वर्ज्य ही बंधनेच होत. नियमाने रस मरत नाही आणि केवळ नियमाने तो उपजतही नाही. रँबोच्या काव्यावरील ‘ओ सेझाँ, ओ शातो’ (१९४६) या रचनेत एकच गाणारा कंठ आहे. सोबतीस मँडोलिन, गिटार, हार्प आणि व्हायोलिनादी तंतुवाद्ये. तेथे माळ ऐकू येत नाही, हुरहुर ऐकू येते. मात्र बाईंनी शंभराहून अधिक कृती लिहिल्या, आणि त्या सर्वच या उंचीस पोचतात असे आम्ही म्हणणार नाही. काहींत माळ दिसते, भाव दिसत नाही.

चार मुलांच्या या मातेने पोटासाठी चित्रपटांस संगीत दिले. ‘पॅरानोइआक’ (१९६३), ‘द स्कल’ (१९६५) हे त्यांतले भयपट. नवलाची गोष्ट ही, की जे कर्कश स्वरमेळ सभागृहातील श्रोत्यांस असह्य वाटत, तेच चित्रपटगृहात प्रेक्षक बिनतक्रार ऐकत. पडद्यावर भय दिसत होते, म्हणून कानासही भयाचाच अर्थ लागला. अपरिचितास भयानक ठरविण्याची ही खोड आमचीही आहे. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा व अश्लीलतेचा शिक्का आम्हीच मारला होता.

षड्ज सोडावा, असे आम्ही कोणास सांगत नाही. तो आम्हांस प्रिय आहे. परंतु ही रचना एकदा दिवा मालवून, चित्रावाचून ऐकावी आणि मग मत द्यावे, एवढीच रसिकांस विनंती.