परदेशची मराठी कथा आणि बेटीव्यवहार

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या कथा दिवाळी अंकांतून आता नेमाने येतात. बाहेर बर्फ पडत असते, मुलगा-सून कामावर गेलेली असतात आणि भारतातून आलेले आईवडील खिडकीशी बसून कंटाळलेले असतात. ह्या कथा वाईट असतात असे मी म्हणणार नाही. काहींतला एकटेपणा अगदी खरा उतरतो. माझी तक्रार निराळी आहे. मी वाचलेल्या ह्या कथांत पात्रांना आडनावे असतात, पण जात नसते. जोशी, कुलकर्णी समुद्र ओलांडतात आणि नुसते 'मराठी माणूस' होतात. कांबळे तर बहुधा विमानात बसतच नाहीत. तिकडे राहणारा एखादा खराखुरा कांबळे हे अंक उघडीत असेल, तर त्याला स्वतःची सावलीदेखील त्यांत सापडत नसेल.

वस्तुतः ह्या प्रश्नाचा विचार अमेरिकेत बसून दोन मराठी माणसांनी शंभर वर्षांपूर्वीच केला होता. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना, १९०९ साली, जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. पुढे ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात भीमराव आंबेडकरांनी आपला निबंध वाचला. ते तेव्हा २५ वर्षांचे होते. हिंदू लोक देशोदेशी गेले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल, हा केतकरांचा इशारा त्यांनी त्यात आवर्जून नोंदविला. आणि जातीचे मर्म विटाळात नसून जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हा स्वतःचा सिद्धांत मांडला.

केतकर नंतर कादंबरीकार झाले. त्यांची भाषा रखरखीत आणि रचना विस्कळीत, हे टीकाकारांनी पुष्कळ वेळा सांगितले आहे व ते खरेही आहे. तरी मिश्र विवाहाच्या संततीचे पुढे काय होते, हा प्रश्न 'ब्राह्मणकन्या'त (१९३०) त्यांनी अंगावर घेतला. माणसाचे लग्न कोठे अडते हे त्यांना दिसत होते. आमच्या गोड लिहिणाऱ्या कथाकारांना ते दिसत नाही. 'अपूर्वाई'सारख्या प्रवासवर्णनास हा दोष लावता येणार नाही. पाहुण्याला यजमानाच्या मुलीचे लग्न जुळवावे लागत नाही. स्थायिक झालेल्याची मुलगी मात्र पंचविशीला येतेच.

मला विचाराल तर परदेशस्थ मराठी जीवनाचे सर्वांत प्रामाणिक वाङ्मय वधूवरांच्या जाहिरातींत सापडते. नोकरी अमेरिकेतली, ग्रीन कार्ड हाती, आणि लगेच पुढे पोटजात, गोत्र, नाडी! जातीची अट नाही असे मोठ्या मनाने सांगून पुढे 'एससी-एसटी क्षमस्व' असे छापणाऱ्या जाहिरातीही आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. 'क्षमस्व' ह्या शब्दाचा इतका निर्दय उपयोग एखाद्या कादंबरीकाराने केलेला मला आठवत नाही.

आमच्या कोलशेतला आगरी-कोळ्यांच्या गावठाणाभोवती आता उंच इमारती झाल्या आहेत आणि त्यांतील कित्येक घरांतली मुले अमेरिकेत आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा जातीचा रकाना मी वर्षानुवर्षे भरीत आलो. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात तो रकाना नाही. तो तोंडी भरला जातो: आडनाव काय, मूळ गाव कोणते, घरी मांसाहार चालतो का.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. असे करणारे अमेरिकेतले ते पहिलेच शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपाल न्यूसम ह्यांनी ऑक्टोबरात नामंजूर केले. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, हे त्यांचे कारण. तेथील काही हिंदू संघटनांनी दोन्ही ठिकाणी विरोध केला. एवढे नाट्य घडत होते, आणि मराठी कथेत मात्र बर्फच पडत होते.

कायदा नोकरी आणि घरभाडे पाहील. लग्न तो पाहू शकत नाही. ते कादंबरीकाराचेच क्षेत्र आहे. न्यू जर्सीतली मुलगी फोनवर मुलाचे पहिले नाव सांगते, आणि डोंबिवलीतली आजी आडनाव विचारते. मुलगी ते सांगते. मग दोन्हीकडे कोणी बोलत नाही. हा प्रसंग मला एखाद्या मराठी कादंबरीच्या पहिल्या पानावर वाचावयाचा आहे.