जबानी की फिर्याद? : विमुक्तांची आत्मकथने आणि आपली समीक्षा

रोवणीच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आला. तो विमुक्त जमातीतला. आखाती देशात गाडी चालवण्याचे काम त्याला मिळत होते. पण पासपोर्टच्या अर्जात फौजदारी खटला प्रलंबित आहे काय, असा रकाना होता. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावी चोरी झाली तेव्हा पोलिसांनी पालावरून जी पोरे उचलली, त्यात हा होता. शिक्षा झालेली नाही, खटला संपलेला नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे एवढ्यावर पासपोर्ट नाकारता येतो. १९९३ च्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे ती अशी की, खटला जिथे चालू आहे त्या न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी द्यावी. आणि न्यायालयाने मुदत लिहिली नाही तर पासपोर्ट एका वर्षापुरताच मिळावा.

मी परवानगीचा अर्ज लिहू लागलो. माझ्या घरात अर्ज लिहिता येणारा मी पहिलाच. बाबा आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून अर्ज लिहून घेत आले. त्यामुळे 'विनम्र विनंती'ची भाषा हाताला आपोआप येते. तो म्हणाला, "सर, मी चोरी केली नाही, हेही लिहा ना जी." मी म्हणालो, या अर्जात तो प्रश्न नाही; इथे फक्त परत येण्याची हमी द्यायची आहे. तो जरा थांबून म्हणाला, "मग मी कसा आहे, ते कुठं लिहायचं?"

त्याचा हा प्रश्न मला वाङ्मयीन प्रश्न वाटतो. आपण विमुक्तांची आत्मकथने कशी वाचली, याचा विचार त्या दिवसापासून माझा पिच्छा सोडत नाही.

हद्द ओलांडण्यासाठी परवानगी मागणे ही विमुक्तांना नवी गोष्ट नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, १९११ मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करता येईल असा झाला, १९२४ मध्ये पुन्हा बांधून काढला गेला. या कायद्याखाली जमातीची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात आणि हद्द आखून दिली जाई. पासाशिवाय त्या हद्दीबाहेर सापडलेल्या माणसाला पोलीसच काय, गावचा चौकीदारही वॉरंटाशिवाय धरू शके. गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती. जन्माचा दाखला हाच गुन्ह्याचा दाखला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. परंतु सराईत गुन्हेगारांचे कायदे राहिले, आणि मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा आहे.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) पोलीस हजेरी आणि परवानगीवाचून गाव सोडण्याची बंदी येते. त्याआधी अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'त (१९५९) हजेरी हा माणसाच्या इभ्रतीवरचा घाव म्हणून येतो. लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'त (१९८०) बिऱ्हाड गाढवांवर घालून गावोगाव फिरते आणि प्रत्येक वेशीवर कुणाची तरी मर्जी सांभाळते. ही पुस्तके वाचताना आपल्या समीक्षेने एक शब्द फार सैलपणे वापरला आणि तो म्हणजे 'भटकंती'. भटक्याला गाव टिकू देत नाही, तर विमुक्ताला हद्द हलू देत नाही. ही दोन दुःखे अनेक जमातींच्या वाट्याला एकत्र आली, हे खरे. पण म्हणून ती एक होत नाहीत. दोन्हींवर 'भटकंती'चे पांघरूण घातले की त्यात पांढरपेशा वाचकाला मोकळ्या आभाळाखालचे जीवन दिसू लागते आणि मधला पास, मधली चौकी नाहीशी होते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या पुस्तकाचा गौरव करताना 'प्रांजळ', 'निर्भीड कबुली' हे शब्द सहज येतात. चोरीचे शिक्षण, मार सोसण्याची तालीम, हे सारे लेखकाने लपवले नाही याचे कौतुक होते. कौतुक करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण कबुली कोण कुणापुढे देतो? ज्याच्या बापजाद्यांनी फौजदारापुढे बसून जबान्या दिल्या, त्याच्या पुस्तकाला आपण पुन्हा जबानीच समजलो, आणि वाचक न कळत फौजदाराच्या खुर्चीत जाऊन बसला. पोलिसापुढचा कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा धरला जात नाही. वाचकापुढची कबुली मात्र संपूर्ण जमातीविरुद्ध पुरावा ठरते, याचा अनुभव मी वर्गात घेतला आहे. 'उचल्या' शिकवून झाल्यावर एका मुलाने विचारले होते, "म्हणजे ते लोक चोरी करतात, हे खरंच आहे ना सर?" माझे शिकवणे त्या दिवशी फसले होते.

'उचल्या' ही फिर्याद आहे. तीत आरोपी लेखकाची जमात नाही. पोट भरण्याची प्रत्येक वाट बंद करून मग चोर म्हणणारी व्यवस्था आरोपी आहे. फिर्यादीने आपल्या जखमा दाखवाव्या लागतात, त्यात आपली लाजही उघडी पडते. त्या लाजेला प्रांजळपणाचे गुण देऊन मोकळे होणे म्हणजे फिर्याद नोंदवून न घेणे होय.

या फिर्यादीचा निकाल लागलेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्तांना जन्मतः सराईत समजणाऱ्या नियमांची झडती घेतली आणि त्यांच्या मनमानी अटकेबद्दल पोलिसांना बजावले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे सांगावे लागले. हद्दींचा खेळ तर आमच्या दारातच आहे. कैकाडी माणूस जुन्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आमच्या गोंदियातही, अनुसूचित जातीत मोडतो. तोच सातारा-सोलापूरकडे विमुक्त जातीत. वाघ नदीचा पूल ओलांडून आम्ही भाजीला जावे तसे बालाघाटला जाऊन येतो, आम्हांला कुणी थांबवत नाही. ज्याला थांबवले जाते त्यालाच हद्द म्हणजे काय ते कळते.

म्हणून शिक्षक मित्रांना माझी एक साधी सूचना आहे. 'लेखकाच्या प्रांजळपणाची उदाहरणे द्या' असा प्रश्न परीक्षेत विचारणे आपण बंद करावे. 'या पुस्तकात कुणाविरुद्ध कोणती तक्रार आहे, आणि तिचे उत्तर कुणी द्यायचे?' असे विचारून पाहावे. उत्तरपत्रिका तपासताना आपल्यालाही थोडे अवघडल्यासारखे होईल. व्हावे.

त्या मुलाचा अर्ज मी पुन्हा लिहिला. शेवटी एक परिच्छेद वाढवला : तो कोण, कुठे शिकला, त्याला कुठून आणि कोणत्या संशयावरून उचलले. वकिलांनी तो परिच्छेद अनावश्यक म्हणून खोडायला सांगितला. मुलगा म्हणाला, राहू द्या. तारीख पुढच्या महिन्यातली आहे.