यंत्रवाचनाचीं प्रमाणाक्षरें : एक परीक्षण

छापील मजकूर यंत्राकडून वाचवून घेण्याची कला उद्योगधंद्यांत रुळली असून, जुन्या दप्तरांनाही ती लावावी असा विचार आतां पुढें येत आहे. अशा वेळीं ज्या प्रमाणाक्षरांवर ही कला उभी राहिली, तीं कोणत्या तत्त्वानें ठरविलीं गेलीं, हें पाहणें अगत्याचें आहे.

असे दोन संच प्रसिद्ध आहेत. अमेरिकन टाइप फाउंडर्सनें १९६८ सालीं सिद्ध केलेला ओसीआर-ए हा पहिला. तत्कालीन यंत्रांची दृष्टि अधू. म्हणून सारख्या जाडीच्या रेषा व ढोबळ वळणें योजून अक्षर यंत्राच्या सोयीचें केलें. त्यांत मनुष्याच्या डोळ्यांची मात्र उपेक्षा झाली. त्याच वर्षीं आद्रिआन फ्रुटिगर या स्विस अक्षरकारानें युरोपांतील संगणकनिर्मात्यांच्या संघटनेसाठीं ओसीआर-बी रचला. कोणतींही दोन अक्षरें एकमेकांवर ठेविलीं तरी त्यांतील भेद यंत्रास कळावा व वळण डोळ्यांस ओळखीचें राहावें, हा त्यांतील विवेक निःसंशय श्रेष्ठ होय. पारपत्रावरील ४४-४४ चिन्हांच्या दोन ओळी आजही याच वळणांत छापतात.

परंतु या यशाचें सारें श्रेय अक्षरांस देणें युक्त नव्हे. त्या ओळींत चिन्हें अवघीं ३७. त्यांची जागा ठरलेली. शिवाय ७, ३, १ या गुणकांनीं काढलेला पडताळ्याचा अंक वाचनांतील बहुतेक चुका उघड करितो. सारांश, येथें लेखनच यंत्रासाठीं बांधून घेतलें आहे.

इतिहाससंशोधकास ही मोकळीक नाहीं. मोडी लिहिणारे कारकून आपल्या अक्षरांत आतां फेरफार करणार नाहींत. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, अक्षरें एकमेकांत गुंततात, आणि शिवकालीन व पेशवेकालीन वळणें भिन्न आहेत. युनिकोडच्या ७.० या आवृत्तींत २०१४ सालीं मोडीस स्थान मिळालें, म्हणून प्रमाणसंच तयार झाला असें मानणें चूक ठरेल. त्या तक्त्यांतील आकृति अक्षराची ओळख सांगते. त्याच्या लेखनाचीं सर्व रूपें दाखवीत नाहीं.

तेव्हां मोडीचा प्रमाणसंच मिती निश्चित असलेल्या अस्सल कागदांवरूनच केला पाहिजे. प्रत्येक अक्षराचीं अनेक रूपें काळ, स्थळ व हस्त नोंदून घ्यावीं. परीक्षेचे कागद संचाच्या कागदांहून निराळे असावे. आणि जेथें यंत्र साशंक असेल तेथें त्यानें अंदाज न करितां अक्षर संशयित म्हणून दाखवावें.

पडताळ्याचें साधन मात्र आपल्या पूर्वजांनींच ठेविलें आहे. सुहूर सन अरबी शब्दांत लिहीत. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२. त्यापुढील चंद्राची तारीख त्याच्याशीं जुळली पाहिजे. कित्येक खतपत्रांत रकमेपुढें तिची निमे रक्कमही लिहिलेली असते. यंत्राचें वाचन या कसोट्यांवर घासल्याखेरीज स्वीकारूं नये. कारण एका आंकड्याच्या चुकीनें तहाचें साल बदलतें, आणि छापून प्रसिद्ध झालेली चूक पुढें प्रमाण म्हणून उद्धृत होते.